पाडशी विरजण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हा म्हशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतही.

एका उंच डोंगराच्या कुशीत गवळ्यांचं गाव होतं. साठ उंबरे, चारशे म्हशी आणि मधून वाहणारा एक ओढा. गावाचं तूप पंचक्रोशीत नावाजलेलं. पौर्णिमेच्या बाजाराला गवळणी तुपाची मडकी डोक्यावर घेऊन डोंगर उतरत आणि धान्य, कापड, मीठ घेऊन परत चढत. सगळ्या गावाचा संसार त्या तुपावर चाले.

पण गावाचा जीव होता तो विरजणात. दूध कुणाच्याही म्हशीचं असो, दही ज्याच्या त्याच्या घरचं वेगळं. एका घरचं इतकं घट्ट, की मडकं उपडं केलं तरी हलू नये. दुसऱ्या घरचं आंबटढाण. तिसऱ्या घरचं गोडसर. कारण सून येताना आपल्या आईचं विरजण बोळक्यात घालून आणायची. वरात दारात आली, माप ओलांडलं, तरी लग्न पुरं झालं असं कुणी म्हणत नसे. सासरच्या दुधाला माहेरचं विरजण लागलं आणि सकाळी दही जमलं, की मग लग्न झालं. फडताळात सासूचं मडकं आणि सुनेचं मडकं शेजारी शेजारी नांदायची. दोघी भांडल्या तरी मडकी कधी भांडली नाहीत.

आनंदावर विरजण पडलं, असं आपण म्हणतो. त्या गावात कुणी असं म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं.

गावाची आणखी एक रीत होती. पाणी आणि विरजण मागणाऱ्याला परत पाठवायचं नाही. वैरी असला तरी नाही.

या गावात मैना नावाची गवळण राहायची. दह्यादुधाच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फडताळावर तिची एकवीस मडकी असत. ह्यातलं थोडं त्यात, त्यातलं थोडं ह्यात, असं तिचं सतत चाललेलं. मग चाखायचं, वास घ्यायचा आणि भिंतीवर कोळशानं खूण करायची. नवरा बिचारा सज्जन होता. एकवीस तऱ्हेचं ताक तो मुकाट्यानं प्यायचा आणि तोंड वाकडं झालंच, तर ते भिंतीकडे वळवून करायचा.

मैनेला हा नाद उगीच लागला नव्हता. उन्हाळ्यात ओढा आटला, की गावातल्या तान्ह्यांना ढाळ लागत. दरसाल दोन-चार पोरं जात. बारा वर्षांपूर्वी मैनेचा दीड वर्षाचा लेक असाच तिच्या मांडीवर गेला होता. रडून डोळे कोरडे झाले, तेव्हा तिनं एक गोष्ट पाहिली. त्याच ओढ्यावर हरणींची पाडसं पाणी पीत होती आणि त्यांना काही होत नव्हतं. मैना त्यांच्या मागं मागं हिंडली. पाडसानं चघळून टाकलेल्या पाल्याचा फेस तिनं शिंपल्यात धरून आणला आणि दुधात टाकला. पहिल्यांदा दूध नासलं. दुसऱ्यांदा नासलं. पन्नासाव्यांदाही नासलं. बारा वर्षं असंच गेल्यावर एका वसंतात दही जमलं. मऊ, थंडगार, वर किंचित निळी झाक असलेलं. मैनेनं त्याचं नाव ठेवलं पाडशी.

जुन्या गवळणींचा एक नेम होता. नव्या विरजणाला आधी सहा ऋतू दाखवायचे आणि मगच ते उंबऱ्याबाहेर काढायचं. पाडशीनं वसंत पाहिला आणि ग्रीष्म लागला. तोच एका दुपारी शेजारची ठकू पदराखाली आठ महिन्यांची पोर घेऊन दारात उभी राहिली.

"मैनाक्का, चार दिस झाले. पोटात कायबी ठरत न्हाई," ठकू म्हणाली.

पोरीचे डोळे खोल गेले होते. टाळू बसली होती. मैनेनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला दुसऱ्याच एका पोराचा चेहरा दिसला. ती उठली, पाडशीचं मडकं काढलं, बोटानं दही पोरीच्या ओठाला लावलं.

"दर घटकेला एवढंच चाटव," ती म्हणाली. "आनि हे बोळकं घरी ने."

आणखी काही सांगायला हवं होतं, पण त्या वेळी ते तिला सुचलं नाही. खोटं कशाला बोला, थोडं सुचलंही होतं. पण एवढ्या घाईत कोण ते काढत बसणार.

तिसऱ्या दिवशी ठकूची पोर रांगत मैनेच्या अंगणात आली आणि कोंबडीचे दाणे खायला लागली. ठकू हसायची आणि रडायची, दोन्ही एकदमच. गाव लोटलं. ज्याच्या घरी तान्हं होतं तो बोळकं घेऊन आला. ज्याच्या घरी नव्हतं तोही आला, कारण उद्या होईल की. मैनेनं कुणालाच नाही म्हटलं नाही. त्या गावात विरजणाला नाही म्हणायला कुणाची जीभच वळत नसे. लोकांनी तिला पाटावर बसवून ओवाळलं. गेल्या बारा वर्षांत ती इतकी हसली नव्हती. त्या उन्हाळ्यात गावातलं एकही पोर गेलं नाही.

ओवाळून झाल्यावर ती घरात आली आणि फडताळाशी थबकली. पाडशीच्या शेजारच्या मडक्यात तिच्या आईचं विरजण होतं. त्याच्या दह्यावर किंचित निळी झाक होती.

"डोळं दमलं असतील माझं," असं स्वतःशीच म्हणत तिनं मडक्यावर फडकं टाकलं.

पावसाळा आला, आणि गावात लोणी यायला उशीर होऊ लागला. आधी अर्धी घटका घुसळलं की गोळा वर यायचा. मग घटका लागू लागली, मग चार घटका. पहिला दोष अर्थातच सुनांना लागला. कोंडाबाई नावाची एक सासू तर दारात उभी राहून सगळ्या आळीला सांगे, "आमच्या सुनंच्या दंडात जोरच न्हाई. माहेरी काय ताक घुसळत व्हती का पाणी?" मग दोष रवीला लागला, मग दोरीला, मग म्हशींना. म्हशींनी साफ नाकारला. शरद सरता सरता तर दिवसभर घुसळलं तरी डेऱ्यात नुसता फेस. लोणी नाही, म्हणजे तूप नाही. पौर्णिमेच्या बाजारात गवळणींची जागा रिकामी राहिली.

आणि गावातलं दही सगळीकडे एकसारखं झालं. मऊ, थंडगार, निळसर. गावातली सगळ्यात म्हातारी बाई होती बयाआजी. नव्वदी गाठलेली. तिनं एक दिवस दह्याचं बोट तोंडात घातलं आणि वाटी खाली ठेवली.

"दही वाईट न्हाई," ती म्हणाली. "पर हे माझ्या आईचं न्हाई."

हे मैनेच्या कानावर आलं आणि तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. तिला सगळं कळून चुकलं होतं. पाडशी जिथं जाई तिथं दुसऱ्या विरजणाला जागाच ठेवत नसे, आणि पाडशीच्या दह्याला लोणी येत नसे. पळीनं जाई, हातानं जाई, फडक्यानं जाई. हे तिनं सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं आणि सगळ्यांच्या आधी झाकलं होतं.

त्यातच तिच्या गोदीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. गोदी तिची एकुलती लेक. नवरामुलगा डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला, घर म्हशींनी भरलेलं. गोदीच्या बोळक्यात आता काय घालायचं? आईचं विरजण उरलं नव्हतं. पाडशी घालावं, तर ते पलीकडचं सगळं खोरं गिळणार. काहीच घालू नये, तर लग्न पुरं होत नाही आणि का घातलं नाही ते सांगावं लागतं. आणि सांगितलं, तर साठ घरांचं तूप मैनेनं बुडवलं हे साठ घरांना कळतं. मग गोदीची वरात निघते की नाही, हे देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैना धार काढायला बसली. तिच्या म्हशीचं नाव चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं फटकळ. ती बोलायची ती फक्त धारेच्या वेळी, कारण तेव्हा समोरच्याला उठून जाता येत नाही.

"हिसके देऊ नगंस," चांदणी म्हणाली. "राग सवताचा आलाय, आनि वढतीस मला."

मैनेनं हात सैल केला.

"बोळक्यात काय घालणार?" चांदणीनं विचारलं.

"पाडशीच घालीन म्हणते. वरून चिमूटभर हळद टाकीन. निळं दिसायचं न्हाई."

"निळ्यात पिवळं घातलं की हिरवं दिसतं बाई," चांदणी म्हणाली. "हिरवं दही घिऊन पोर सासरी गेली, तर पहिल्याच दिशी परत येईल."

मैनेला हसू आलं आणि हसता हसता रडू. "ठकूच्या पोरीला दिलं ते चुकलं का गं माझं?"

"त्यात काय चुकलं? पोर वाचली. तुला ठाऊक व्हतं ते तू सांगितलंस. ठाऊक न्हवतं ते सांगितलं न्हाईस, तेवढंच चुकलं."

"जे ठाऊकच न्हाई ते कसं सांगायचं?"

"'ठाऊक न्हाई,' असं सांगायचं," चांदणी म्हणाली आणि वैरण चघळायला लागली. "आनि माझं दूध काढून त्यात काय काय टाकतीस, ते मलाबी कधी सांगितलं न्हाईस. पर जाऊ दे. आज गोदीचं बघ."

हळदीच्या दिवशी सकाळी अंगणात सगळ्या बायका जमल्या. गाणी चालली होती. गोदीच्या गालाला हळद लागली, तशी मैना उठून उभी राहिली. गाणं आपोआप थांबलं.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "लोनी येत न्हाई त्यो दोस सुनांचा न्हाई, म्हशींचा न्हाई. पाडशीचा हाय. ते दुसऱ्या इरजणाला खातं. सहा ऋतू व्हायच्या आत मी ते दिलं, आनि तसं सांगितलं न्हाई. निळी झाक मी पयल्याच आठवड्यात बघितली. तवाबी बोलले न्हाई. तुमी मला ओवाळत व्हता आनि मला ते सोडवंना."

अंगणात हळदीचा वास तेवढा हलत होता. मग कुणीतरी मागून म्हणालं, "तूप बुडवलंस की गं." दुसरी म्हणाली, "माझ्या आईची तेवढीच आठवण व्हती." तिच्या आवाजात रागापेक्षा दुःख जास्त होतं, आणि मैनेला तेच सोसवेना. ती मान खाली घालून उभी राहिली.

तेवढ्यात ठकू उठली. पोर तिच्या कडेवर होती. "मला तिनं सगळं सांगितलं असतं, तरीबी मी नेलं असतं," ती म्हणाली. "ही बघा. हिच्या बदल्यात मी जलमभर कोरडी भाकर खाईन."

"मीबी नेलं असतं," बयाआजी म्हणाली. सगळ्या तिच्याकडे वळल्या. "पर सांगितलं असतं ना मैने, तर येगळ्या खोपीत ठिवलं असतं. येगळी पळी, येगळं फडकं. पोरंबी जगली असती आनि लोनीबी आलं असतं. तुझ्या दह्यात खोट न्हाई. तुझ्या गप्प बसण्यात हाय."

कोंडाबाई आतापर्यंत कोपऱ्यात बसली होती. ती उठली, सगळ्यांदेखत सुनेपाशी गेली, तिचा दंड दाबून पाहिला आणि म्हणाली, "चांगला हाय की गं दंड." सून लाजली. आधी एक बाई हसली, मग दुसरी, आणि बघता बघता अख्खं अंगण हसायला लागलं. प्रत्येकीला आपल्या घरचा सासू-सुनेचा तमाशा आठवत होता.

हसणं ओसरल्यावर बयाआजीच म्हणाली, "आपल्या लेकी आपलंच इरजण घिऊन गेल्यात ना सासरी? निरोप धाडा त्यांस्नी."

लग्न पंधरा दिवस पुढं ढकललं. माणसं आठही दिशांना निरोप घेऊन गेली. इकडे गावानं कंबर कसली. मडकी फोडली, डेरे उकळत्या पाण्यानं धुतले, फडताळं राखेनं घासली, फडकी जाळली. पाडशीचं एकच मडकं ओढ्यापलीकडे नव्या खोपीत नेऊन ठेवलं आणि खोपीची राखण ठकूनं आपण होऊन घेतली. त्या धामधुमीत जुनी भांडणंसुद्धा धुऊन निघाली म्हणतात. निदान काही दिवस तरी.

आणि मग लेकी आल्या. दरवेळी लेकी बोळकं घेऊन डोंगर उतरायच्या; या वेळी चढत होत्या. तरण्या आल्या, कडेवर पोरं घेतलेल्या आल्या, केस पिकलेल्या आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर एक बोळकं. बयाआजीची लेक स्वतः सत्तरीची होती. काठी टेकत आली आणि आईपुढं बसली. बयाआजीनं बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले.

"आंबट," ती म्हणाली. "माझ्या आईचं आंबटच व्हतं." आणि तिनं लेकीचा हात धरून ठेवला.

पहिलं लोणी वर आलं तेव्हा कोंडाबाईनं तो गोळा उचलून आधी सुनेच्या तोंडात घातला.

पण सगळंच परत आलं नाही. सात घरांची विरजणं कायमची गेली, कारण त्या घरांना सासरी गेलेली लेकच नव्हती. त्यात एक मैनेचं होतं. तिच्या आईला ती एकटीच, आणि आईही मागंच गेलेली. तिच्या आईचं दही आता जगात कुठंही जमणार नव्हतं. हे तिचं दुःख कुणाला वाटून देता येण्यासारखं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी बयाआजीनं आपल्यातलं निम्मं विरजण गोदीपुढं धरलं. "हे घिऊन जा पोरी. आजीचंच समज."

गोदी तिच्या पाया पडली, पण तिनं ते घेतलं नाही. "लेकीनं आईचं न्यायचं अशी रीत हाय," ती म्हणाली. "माझ्या आईच्या आईचं गेलं. पर माझ्या आईचं हाय की. बारा वर्सं खपून तिनं केलंय. मी पाडशीच नेणार."

मैना म्हणाली, "गोदे, ते कसं हाय ठाऊक हाय ना तुला?"

"ठाऊक हाय. म्हनून तर सांगून नेणार."

बोळक्याला मातीचं झाकण बसवलं, वरून पीठ लिंपलं. लेकीच्या वरातीबरोबर आईनं जायची पद्धत नव्हती. मैनेनं ती मोडली. कुणी काही विचारलं, तर उत्तर द्यायला कोण असणार?

डोंगरापलीकडच्या घराच्या दारात सासू आरती घेऊन उभी होती. तिच्यामागं सगळं खोरं लोटलं होतं. गोदी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली.

"आत यायच्या आधी सांगते," ती म्हणाली. "ह्या बोळक्यात माझ्या आईनं केलेलं इरजण हाय. ढाळ लागलेलं पोर ह्यानं वाचतं. आमच्या गावात एक उन्हाळा वाचलं. हे दुसऱ्या दह्यात शिरलं तर ते दही मरतं आनि लोनी येत न्हाई. म्हातारपणी, गरवारपणी, वर्सानुवर्सं खाल्लं तर काय व्हतं, ते आमाला ठाऊक न्हाई. आत आणू का?"

वाजंत्री थांबली. ऊन चढत होतं. सासूच्या हातातल्या आरतीची वात फडफडली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. नवी नवरी उंबऱ्यावर ऐब सांगतेय, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मैना मागं उभी होती. आपल्या तोंडून जे सहा महिने निघालं नाही, ते ही पोर डोक्यावर अक्षता असताना बोलून मोकळी झाली, या अभिमानानं तिचे डोळे भरून आले. आणि आता वरात माघारी वळली तर, या भीतीनंही.

"तुझ्या आईनं केलंय म्हनतीस," सासूनं विचारलं. "ती कुठं हाय?"

मैना पुढं झाली. "मी."

"माझ्या गावात शिरलं आनि तूप गेलं, तर?"

"तर तुमी बोलवाल तवा मी येईन, आनि निस्तरल्याशिवाय जाणार न्हाई. पर समदं निस्तरंल का, ते ठाऊक न्हाई. माझ्या घरचं न्हाई निस्तरलं."

सासूनं गोदीच्या बोळक्याकडे पाहिलं. तिनं दोन तान्ही पुरली होती, हे त्या खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी ती म्हणाली, "गोठ्यापलीकडं रिकामी खोप हाय. बोळकं आधी तिथं ठिवा. पळी येगळी ठिवा, हात राखेनं धुवा. सहा ऋतू व्हईपर्यंत ज्या पोराला दुसरा इलाज न्हाई त्यालाच द्यायचं, आनि त्याच्या आईला समदं सांगून." मग तिनं आरती वर उचलली. "आनि नवरीला आत आणा. आमाला बोलनारी सून पायजे व्हती."

पुढच्या उन्हाळ्यात त्या खोऱ्यातलं एकही तान्हं गेलं नाही, आणि घराघरात लोणीही आलं. दोन्ही गावांनी मिळून एक नवी रीत बांधली: विरजण मागणाऱ्याला आजही परत पाठवायचं नाही, पण नवं विरजण देताना त्याचा गुण, त्याचा दोष आणि आपलं अज्ञान, तिन्ही दारातच सांगायचं. मैनेची आता बावीस मडकी झाली. प्रत्येकाची खोप वेगळी असल्यानं नवऱ्याची पायपीट वाढली, पण बिचारा सज्जन होता.

तात्पर्य: नवं वरदान देणाऱ्यानं त्याचा गुण जितक्या मोठ्यानं सांगावा, तितक्याच मोठ्यानं आपल्याला काय ठाऊक नाही तेही सांगावं.